‘बल्हरा’ : एका सम्राटवाचक शब्दाची व्युत्पत्ती आणि लट्टलूरचे राष्ट्रकूट

राजपदाचा वाचक असलेला शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो, तेव्हा त्याच्याबरोबर त्या काळच्या राजकीय संबंधांचा थोडाबहुत इतिहासही जातो. असा शब्द कोणत्या ध्वनिरूपात उचलला गेला, हे नीट पाहिले म्हणजे तो कोणाच्या तोंडून ऐकला गेला व सुमारे कोणत्या काळी ऐकला गेला, याचा उलगडा होऊ शकतो. युरोपातील जर्मानिक भाषांमधील ‘कैसर’ हा शब्द याचे सर्वपरिचित उदाहरण होय. याच जातीचे एक उदाहरण दक्षिणापथाच्या इतिहासातही आहे. नवव्या व दहाव्या शतकांतील अरब ग्रंथकारांनी हिंदुस्थानातील सर्वश्रेष्ठ राजाचा उल्लेख ‘बल्हरा’ ह्या शब्दाने केला आहे. ज्या घराण्याला हा शब्द लावला गेला, ते घराणे स्वतःला ‘लट्टलूरपुराचे अधीश्वर’ म्हणवीत असे, आणि हे लट्टलूर म्हणजे मराठवाड्यातील लातूर होय, असे मत अभ्यासकांत बहुमान्य आहे. म्हणून ह्या शब्दाचा विचार मराठवाड्याच्या इतिहासाच्या दृष्टीनेही अगत्याचा ठरतो.

1

प्रथम तुलनेसाठी ‘कैसर’ शब्दाकडे पाहू. सीझर हे रोममधील ज्यूलिअस कुळाच्या एका शाखेचे उपनाम. इ. स. पूर्वी 44 मध्ये ज्यूलिअस सीझरचा वध झाल्यावर त्याचा दत्तकपुत्र ऑगस्टस याने ते धारण केले. इ. स. 68 मध्ये नीरोच्या मृत्यूने हा वंश संपला. तथापि पुढे गादीवर आलेल्या, रक्ताचा संबंध नसलेल्या राज्यकर्त्यांनीही ते नाव सोडले नाही. अशा रीतीने कुलनामाचे पदनाम झाले.

ह्या शब्दाचा मूळ लॅटिन उच्चार ‘काएसार’ असा होता. आरंभी ‘क’ व त्यापुढे संयुक्त स्वर, ही त्याची दोन लक्षणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये अशा स्थानी असलेला ‘क’ तालव्य होऊन त्याचा ‘च’ किंवा ‘स’ झाला आणि संयुक्त स्वरही साधा झाला. पण चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या गॉथिक बायबलात ‘कैसर’ असेच रूप आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘केइसर’, प्राचीन इंग्रजीत ‘कासेरे’, प्राचीन नॉर्समध्ये ‘केइसारी’ अशी रूपे आढळतात. ह्या सर्व रूपांत ‘क’ कायम आहे. यावरून असे ठरते की, लॅटिनमधील ध्वनिपरिवर्तन घडण्यापूर्वीच जर्मानिक लोकांनी हा शब्द उचललेला होता. तो त्यांनी पोथीतून घेतलेला नाही. सरहद्दीवरील रोमन सैनिक, व्यापारी व कारभारी यांच्या तोंडून तो त्यांच्या कानी पडला. शब्दाचे रूप हेच येथे कालनिर्णयाचे साधन ठरते.

हीच कसोटी ‘बल्हरा’ ह्या शब्दाला लावून पाहावयाची आहे.

2

‘बल्हरा’चा विस्तृत उल्लेख सुलैमान नावाच्या व्यापाऱ्याशी निगडित असलेल्या, इ. स. 851 च्या सुमाराच्या अरबी वृत्तांतात येतो. हिंदुस्थान व चीन येथील लोकांच्या मते जगात चार थोर राजे आहेत, असे सांगून त्यात अरबांचा राजा, चीनचा राजा, रूमचा राजा आणि चौथा बल्हरा, असा क्रम दिला आहे. बल्हराचा प्रदेश कोकणच्या किनाऱ्यापासून सुरू होतो, तो अरबांशी स्नेहभावाने वागतो आणि त्याच्या वंशातील राजे दीर्घकाळ राज्य करतात, अशीही माहिती तेथे आहे. त्या वेळी राष्ट्रकूटांच्या गादीवर पहिला अमोघवर्ष (इ. स. 814 ते 878) होता. त्याची कारकीर्द सुमारे चौसष्ट वर्षांची, म्हणजे दीर्घ राज्याविषयीच्या विधानाशी जुळणारी आहे.

ह्याच वृत्तांतातील एक विधान विशेष महत्त्वाचे आहे. ‘बल्हरा’ हे कोणा एका राजाचे व्यक्तिनाम नसून ‘किस्रा’प्रमाणे त्या वंशातील सर्व राजांचे पदनाम आहे, असे तो ग्रंथकार स्पष्टपणे नमूद करतो. ‘किस्रा’ हे इराणी ‘खुस्रव’ ह्या नावाचे अरबी रूप. सासानी वंशातील थोर राजांच्या ह्या नावावरून अरबांनी इराणच्या सर्व राजांना किस्रा म्हटले. तसेच रूमच्या राजाला ते ‘कैसर’ म्हणत. म्हणजे अरबांच्या राजनामावलीत रोमचा कैसर आणि दक्षिणेचा बल्हरा हे एकाच पंक्तीत बसलेले होते.

इब्न खुर्दादबिह हा नवव्या शतकातील भूगोलकार बल्हराला हिंदुस्थानातील सर्वांत मोठा राजा म्हणतो आणि त्या शब्दाचा अर्थ ‘राजांचा राजा’ असा देतो. अल् मसूदी हा हिजरी 304 (इ. स. 916-17) च्या सुमारास चौल येथे प्रत्यक्ष आला होता. त्याच्या मते बल्हराची राजधानी ‘मानकीर’ असून, जो कोणी त्या नगरीच्या गादीवर बसे तो बल्हरा म्हणविला जाई. मानकीर म्हणजे मान्यखेट, आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. अमोघवर्षाच्या काळी राष्ट्रकूटांची राजधानी तेथे आली होती.

3

‘बल्हरा’ म्हणजे कोण, याविषयी एकोणिसाव्या शतकात मतभेद होता. टॉडप्रभृती लेखकांनी त्याचा संबंध सौराष्ट्रातील वलभी व गुजरातेतील अणहिलवाड यांच्याशी जोडला. त्याला एक कारण होते. अल् इद्रिसीने इ. स. 1154 मध्ये लिहिताना बल्हरा ही पदवी नहरवाऱ्याच्या, म्हणजे अणहिलवाडच्या राजाला लावली आहे. परंतु इद्रिसीच्या काळी राष्ट्रकूटांचे राज्य लयाला जाऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. त्याच्यापुढे जुन्या ग्रंथांतला शब्द होता आणि त्याच्या काळी पश्चिम हिंदुस्थानात अणहिलवाडचे राज्य प्रबळ होते. त्याने पहिला दुसऱ्याला लावला, एवढाच त्याचा अर्थ.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी 1884 साली प्रसिद्ध केलेल्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासात हा गुंता सोडविला. मानकीर म्हणजे मान्यखेट ठरल्यावर बल्हरा हे तेथील राष्ट्रकूटच असले पाहिजेत, आणि राष्ट्रकूटांच्या लेखांत ‘वल्लभ’ हे बिरुद वारंवार येते. तेव्हा बल्हरा हे ‘वल्लभराज’ ह्या शब्दाचे रूपांतर होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो आज सर्वसामान्यतः स्वीकारला गेला आहे.

ह्या व्युत्पत्तीची ध्वनिदृष्ट्या तपासणी केली असता तिच्यातील प्रत्येक पायरी स्वतंत्र पुराव्याने सिद्ध होते. पहिली पायरी ‘भ’काराची. दोन स्वरांमधील महाप्राण वर्णाचा प्राकृतात ‘ह’ होतो. ‘गभीर’वरून ‘गहिरा’ व ‘दधि’वरून ‘दही’ हे मराठी शब्द ह्याच नियमाने आले. त्याचप्रमाणे ‘वल्लभ’चे ‘वल्लह’ झाले. दुसरी पायरी ‘राज’ शब्दाची. त्याचे ‘राय’ होते, हे मराठी वाचकाला सांगावयास नकोच. मराठीतील ‘राय’, ‘राया’ ही रूपे त्याचीच. तिसरी पायरी आद्य ‘व’काराची. कन्नडमध्ये त्याचा ‘ब’ होतो. ‘वसति’चे ‘बसदि’ आणि ‘वृषभ’चे ‘बसव’ ही रूपे लातूर-नांदेड भागात आजही परिचित आहेत. ‘वल्लह’चे ‘बल्लह’ झाले, आणि हे ‘बल्लह’ रूप कन्नड लेखांत प्रत्यक्ष आढळते.

राहिली अरबी लिपीची बाजू. अरबीत ‘व्’ ह्या भारतीय वर्णाला तंतोतंत जुळणारा वर्ण नाही. ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत. द्वित्व दाखविणारे चिन्हही पुष्कळदा वगळले जाते. म्हणून ‘बल्लहराय’ हा शब्द लिहिताना ब, ल, ह, र व शेवटचा दीर्घ ‘आ’ एवढेच कागदावर उतरते. ‘बल्हरा’ हा आपण करीत असलेला उच्चार त्या अक्षरांचे एक वाचन आहे. ‘बल्लहरा’ असेही ती अक्षरे वाचता येतात. शेवटचा ‘य’ तेवढा गळला आहे.

आता ‘कैसर’च्या बाबतीत लावलेली कसोटी येथे लावावी. राष्ट्रकूटांचे संस्कृत ताम्रपट ‘वल्लभ’ हेच शुद्ध रूप देतात. अरबांनी ताम्रपट किंवा राजशासन वाचून शब्द घेतला असता, तर ‘भ’चा ‘ह’ व ‘राज’चा ‘रा’ त्यांच्याकडे आला नसता. त्यांनी घेतलेले रूप बोलभाषेतील आहे. मान्यखेट येथे तिसऱ्या कृष्णाच्या काळी, इ. स. 959 ते 965 ह्या वर्षांत, पुष्पदंताने अपभ्रंश भाषेत ‘महापुराण’ रचले. त्याच्या काव्यांतूनही राजाच्या संदर्भात ‘वल्लह’ हेच रूप येते. म्हणजे दरबारातील संस्कृत लेखक ‘वल्लभ’ लिहीत असता, त्याच राज्यातील प्रजा ‘वल्लह’ किंवा ‘बल्लह’ म्हणत होती, आणि कोकणच्या बंदरांतील अरब व्यापाऱ्याने प्रजेचा शब्द टिपून ठेवला.

हा संपर्क केवळ किनाऱ्यावरील देवघेवीपुरता नव्हता. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या, शके 848 (इ. स. 926) च्या तिसऱ्या इंद्राच्या काळातील ताम्रपटावरून असे दिसते की, संजाण मंडलाचा कारभार ‘मधुमती’ नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ ह्या नावाचे संस्कृतीकरण होय. एकीकडे ‘बल्लहराय’चे ‘बल्हरा’ होत असता दुसरीकडे ‘मुहम्मद’चे ‘मधुमती’ होत होते.

4

‘वल्लभ’ हे बिरुद राष्ट्रकूटांनी स्वतः निर्माण केलेले नाही. बदामीच्या किल्ल्यातील शके 465 (इ. स. 543) च्या शिलालेखात पहिला पुलकेशी ‘वल्लभेश्वर’ म्हणविला गेला आहे. पुढे ‘श्रीपृथ्वीवल्लभ’ हे बदामीच्या चालुक्यांचे ठरलेले बिरुद झाले. श्री आणि पृथ्वी ह्या विष्णूच्या दोन पत्नी. तेव्हा राजा हा त्यांचा वल्लभ, म्हणजे विष्णूचा अंश, असा ह्या बिरुदाचा आशय आहे.

राष्ट्रकूट दंतिदुर्ग हा आरंभी चालुक्यांचा सामंत होता. इ. स. 742 च्या त्याच्या वेरूळ ताम्रपटात ‘पृथ्वीवल्लभ’ हे बिरुद त्याला लावलेले आहे. पुढे शके 675 (इ. स. 753-54) च्या सामानगड ताम्रपटात त्याने ‘वल्लभा’ला जिंकल्याचे वर्णन येते. हा वल्लभ म्हणजे चालुक्य राजा दुसरा कीर्तिवर्मा. यावरून असे स्पष्ट होते की, आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘वल्लभ’ हा शब्द विशेषणाच्या पायरीवरून वर चढून दक्षिणेच्या सार्वभौम राजाचे पदनाम झाला होता. चालुक्य पडले आणि पदनाम विजेत्याकडे गेले. शके 705 (इ. स. 783) मध्ये पूर्ण झालेल्या जिनसेनाच्या ‘हरिवंशपुराणा’च्या शेवटी दक्षिणेच्या राजाचा निर्देश कृष्णराजाचा पुत्र ‘श्रीवल्लभ’ असा केलेला आहे, तेथे व्यक्तिनाम देण्याची गरजच कवीला वाटलेली नाही. ज्यूलिअस कुळाचे नाव जसे त्या कुळाबाहेर गेले, तसेच हे घडले. जो मान्यखेटास बसतो तो बल्हरा, हे मसूदीचे विधान ह्याच वस्तुस्थितीचे प्रतिबिंब आहे.

5

राष्ट्रकूटांचे दुसरे बिरुद मात्र ह्याहून अगदी वेगळ्या स्वरूपाचे आहे. इ. स. 866 च्या शिरूर (कर्नाटक) येथील शिलालेखात अमोघवर्षाला ‘लट्टलूरपुरपरमेश्वर’ म्हटले आहे. सौंदत्तीचे रट्ट हेही आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. राष्ट्रकूटांची राजधानी लातूर येथे असल्याचा पुरावा नाही; तेव्हा हे बिरुद सत्तेचे नसून मूलस्थानाच्या स्मृतीचे आहे, असे मानणे युक्त होते. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी 1934 साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात लट्टलूर म्हणजे लातूर ह्या मताचा पुरस्कार केला.

ध्वनिदृष्ट्याही हे समीकरण अडचणीचे नाही. लेखांतून ह्या नावाची लट्टलूर, लत्तलूर, लत्तनूर अशी रूपे मिळतात. ‘हस्त’वरून ‘हत्थ’ व त्यावरून ‘हात’, ‘भक्त’वरून ‘भत्त’ व त्यावरून ‘भात’, ह्या क्रमाने द्वित्व नाहीसे होऊन मागील स्वर दीर्घ होतो. त्यानुसार ‘लत्तलूर’चे ‘लातलूर’ आणि मधला ‘ल’ लोपून ‘लातूर’ होते. लातूरच्या पापविनाशक मंदिरातील, कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर (इ. स. 1126 ते 1138) याच्या काळातील लेखातही हे नगर जुन्या नावाने निर्दिष्ट आहे. नावातील ‘ऊर’ हा ग्रामवाचक अंश द्राविडी आहे. अमोघवर्षाच्या काळी रचलेल्या ‘कविराजमार्ग’ ह्या कन्नड ग्रंथात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. नांदेड गोदावरीच्या काठी व लातूर तिच्या दक्षिणेस आहे. ज्या प्रदेशात प्राकृत व कन्नड ह्या दोन्ही भाषा एकमेकींत मिसळल्या, त्याच प्रदेशात ‘ह’काराचे प्राकृत लक्षण आणि ‘ब’काराचे कन्नड लक्षण एकत्र धारण करणारा ‘बल्लह’ हा शब्द स्वाभाविक ठरतो.

नांदेड जिल्ह्यातील कंधार येथेही राष्ट्रकूटांच्या खुणा ठळक आहेत. तेथे तिसऱ्या कृष्णाच्या काळातील शिलालेख मिळाला असून त्यात ‘जगत्तुंगसमुद्र’ ह्या जलाशयाचा उल्लेख आहे. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूटांचेच बिरुद होय. काही उत्तरकालीन लेखांत ह्या कृष्णाला ‘कंधारपुरवराधीश्वर’ असेही म्हटले आहे. लट्टलूर व कंधार ही स्थानवाचक बिरुदे घराण्याच्या अंतर्गत परंपरेत राहिली. ती सीमेबाहेर गेली नाहीत, कारण परकीयाला राजाच्या मूळ गावाशी कर्तव्य नव्हते. त्याला राजाच्या पदाशी कर्तव्य होते.

6

आता शेवटचा प्रश्न. ‘कैसर’ हा शब्द एकोणीस शतके जगला. 1918 साली जर्मनी व ऑस्ट्रिया येथील राजसत्ता संपेपर्यंत तो प्रत्यक्ष पदनाम होता. फारसीच्या मार्गाने येऊन 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत ‘कैसर-ए-हिंद’ ह्या रूपाने तो हिंदुस्थानातही घोषित झाला. त्यापूर्वी, कुषाणांच्या काळी, आरा येथील खरोष्ठी लेखात कनिष्क नावाच्या राजाला ‘कैसर’ हे बिरुद लावल्याचे वाचन अभ्यासकांनी केलेले आहे. शार्लमेन हा तिसऱ्या गोविंदाचा समकालीन, दोघेही इ. स. 814 मध्ये निवर्तले. त्याच्या ‘कार्ल’ ह्या नावापासून स्लाव्ह भाषांत ‘राजा’ ह्या अर्थाचे सामान्यनाम झाले. मग ‘वल्लभ’ किंवा ‘बल्हरा’ यांचे असे सामान्यनाम का झाले नाही?

बिरुदाला मागणी नव्हती, असे म्हणता येत नाही. इ. स. 972 मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले. त्याचा पुत्र वाक्पती मुंज आपल्या ताम्रपटांत ‘अमोघवर्ष’, ‘पृथ्वीवल्लभ’, ‘श्रीवल्लभ’ ही राष्ट्रकूटांची बिरुदे मिरवितो. जर्मन राजा पहिला ओटो याने इ. स. 962 मध्ये रोम येथे सम्राटपद घेतले, त्यानंतर अवघ्या दहा-बारा वर्षांतील ही घटना आहे. इ. स. 973 मध्ये दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य संपविले, आणि कल्याणीच्या चालुक्यांनी ‘श्रीपृथ्वीवल्लभ’ हे बिरुद पुन्हा आपल्या घरी आणले.

खरे कारण शब्दाच्या अर्थात शोधले पाहिजे. ‘सीझर’ ह्या उपनामाचा मूळ अर्थ रोमन लोकांनाही निश्चितपणे ठाऊक नव्हता. जर्मानिक लोकांना तर तो मुळीच नव्हता. अर्थाचे बंधन नसल्याने ‘सम्राट’ हा एकच अर्थ त्या शब्दात पूर्णपणे भरता आला. उलट ‘वल्लभ’ हा शब्द भारतीय भाषांत जिवंत होता व आहे. ‘प्रिय’, ‘पती’ हा त्याचा अर्थ कोणीही विसरला नाही. मराठीत आजही ‘वल्लभ’ म्हटल्यावर राजा डोळ्यांपुढे येत नाही. त्यामुळे तो बिरुद म्हणून राहिला, सामान्यनाम झाला नाही. अरबीत मात्र तो अर्थहीन होता; म्हणूनच इब्न खुर्दादबिहला त्याचा अर्थ ‘राजांचा राजा’ असा देता आला. पण अरबांनी तो स्वतःच्या राज्यकर्त्यासाठी कधी वापरला नाही. जर्मानिक लोकांनी कैसर हा शब्द पुढे आपल्या राजाला लावला. अरबांचा बल्हरा नेहमी परक्या देशाचा राजा राहिला. तो राजा नाहीसा झाल्यावर शब्द ग्रंथांत उरला आणि इद्रिसीच्या हाती पडून भलत्याच घराण्याला चिकटला.

ह्या शब्दाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. राष्ट्रकूटांचे ताम्रपट राजाने आपल्याला काय म्हणवून घेतले ते सांगतात. ‘बल्हरा’ हा परभाषेतील, अपभ्रष्ट वाटणारा शब्द लोक त्याला प्रत्यक्षात काय म्हणत ते सांगतो. मराठवाड्याच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने बव्हंशी संस्कृत व कन्नड राजलेखांची आहेत. त्यांच्या जोडीला परकीय ग्रंथांतील विशेषनामे व पदनामे यांची अशी ध्वनिशास्त्रीय छाननी केली, तर राजलेखांत न उतरलेल्या बोलभाषेचा काही अंश हाती लागू शकतो. मानकीर, बल्हरा, मधुमती हे शब्द त्या दृष्टीने शिलालेखांइतकेच मोलाचे पुरावे आहेत.